दोन्ही बाजूंना सारख्या गाठी: टीबी की सारकॉइडोसिस, हे सीटीवर कळतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बहीण ३६ वर्षांची, शाळेत शिक्षिका. चार-पाच महिन्यांपासून कोरडा खोकला आणि थकवा, ताप नाही, वजन दोन किलोनं उतरलेलं. छातीच्या एक्स-रेत गाठी, म्हणजे सुजलेल्या लसिकाग्रंथी, दिसल्या. बेडका पडतच नव्हता म्हणून तो तपासता आला नाही, आणि एकेटी, म्हणजे टीबीवरची औषधं, सुरू झाली. साडेतीन महिने गोळ्या नेमानं घेऊनही खोकला तसाच. आता सीटी काढला तर रिपोर्टच्या शेवटी ‘सारकॉइडोसिस किंवा कोचेस, क्लिनिकल कोरिलेशन आवश्यक’ असं लिहून आलं. कोचेस म्हणजे टीबीच, आणि क्लिनिकल कोरिलेशन म्हणजे रुग्णाच्या लक्षणांशी ताडून बघणं. तुम्ही विचारता, एवढा खर्च करून दोनातलं एक नाव सांगता येत नसेल तर सीटी काढायचाच कशाला?

मी रेडिओलॉजिस्ट आहे. बावीस वर्षं छातीचे एक्स-रे आणि सीटी वाचते आहे, आणि ते वाक्य मीही अनेक रिपोर्टांत लिहिलं आहे. तुमचा वैताग मला समजतो. पण बहिणीच्या सीटीला हा प्रश्न विचारून उत्तर मिळणार नाही, कारण ते उत्तर त्या चित्रात नसतंच. दोन्ही आजारांत शरीर एकच गोष्ट करतं: पेशी एकत्र येऊन बारीक गोळे बनवतात. त्यांना ग्रॅन्युलोमा म्हणतात. टीबीत तो गोळा जंतूभोवती बनतो आणि बऱ्याचदा त्याचा मधला भाग मरून पनीरसारखा होतो. सारकॉइडोसिसमध्ये जंतू सापडत नाही आणि मधला भाग सहसा शाबूत राहतो. सीटीला दिसते ती अशा शेकडो गोळ्यांची मिळून पडलेली सावली. म्हणून मी सीटीकडून तीन गोष्टी मागते. हे चित्र कुठल्या आजाराला जास्त शोभतं? त्या आजाराच्या विरुद्ध जाणारं काही दिसतंय का? आणि तपासणीसाठी तुकडा (बायोप्सी) घ्यायचा झाला तर कुठून घेतला तर हाती काही लागेल?

बहिणीच्या फिल्म मी पाहिलेल्या नाहीत, त्यामुळे पुढचं सगळं मी एरवी कसा विचार करते ते सांगण्यापुरतं आहे. मधुमेह आहे का, एचआयव्हीची तपासणी झाली आहे का, घरात किंवा शाळेत कुणाला टीबी झाला होता का, सीटी कॉन्ट्रास्ट (शिरेतून द्यायचं, चित्र उजळवणारं औषध) देऊन काढला की साधा, यातल्या एकेका उत्तरानं पारडं इकडचं तिकडे होतं.

आधी टीबी का धरला, याबद्दल एक. जगातल्या टीबीच्या रुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा आपल्या देशात आहे. इथे छातीत गाठी दिसल्यावर डॉक्टरांच्या मनात पहिलं नाव टीबीचं येतं, ते बरोबरच आहे. सारकॉइडोसिस आपल्याकडे नाही असं मात्र नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या फुप्फुसांच्या इंटरस्टिशियल, म्हणजे आतल्या जाळीच्या, आजारांच्या भारतीय नोंदणीत १९ शहरांतल्या २७ केंद्रांमधले १,०८४ रुग्ण होते, आणि त्यात सारकॉइडोसिसचे ७.८ टक्के होते. विरळा आहे, पण छातीविकारतज्ज्ञांना तो वरचेवर भेटतो.

आता चित्राकडे येऊ. मी सगळ्यात आधी गाठींची मांडणी बघते. पानाला देठ असतो तसा फुप्फुसालाही असतो. श्वासनलिकेच्या फांद्या आणि रक्तवाहिन्या तिथून आत शिरतात. आम्ही त्याला हायलम म्हणतो. सारकॉइडोसिसमध्ये दोन्ही देठांच्या गाठी जवळपास सारख्या मोठ्या होतात, आणि त्यांच्या जोडीला श्वासनलिकेच्या उजव्या कडेची गाठ असते. उजवा देठ, डावा देठ आणि ही तिसरी, अशा त्रिकुटाला गारलंडचं त्रिकूट म्हणतात. साध्या एक्स-रेवर या गाठी बटाट्यांसारख्या गोलसर दिसतात, आणि देठाची गाठ व हृदयाची कड यांच्यामध्ये बऱ्याचदा काळी फट मोकळी राहते. टीबीत गाठी बहुधा एका बाजूला, किंवा दोन्हीकडे असल्या तरी एकीकडे ठळक आणि दुसरीकडे नावापुरत्या असतात. लिम्फोमात, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कॅन्सरमध्ये, त्या छातीच्या हाडामागे, पुढच्या बाजूला जास्त साठतात आणि देठ त्या मानानं मोकळे राहतात. हे नियम मोडणारे रुग्ण मी पाहिले आहेत. तरीही तक्रारी फारशा नसलेल्या माणसाच्या दोन्ही देठांत सारख्या गाठी दिसल्या की माझ्या मनात सारकॉइडोसिसचं नाव टीबीच्या वर जातं.

दुसरी गोष्ट गाठीच्या पोटातली. ती बघायला कॉन्ट्रास्ट लागतोच. टीबीच्या गाठीचा मधला भाग मेलेला असेल तर औषध फक्त कडेला पोचतं: कड उजळते, आतला भाग काळसर राहतो, शेजारच्या गाठी एकमेकींना चिकटून गठ्ठा होतो आणि भोवतालची चरबी गढूळ दिसते. सारकॉइडोसिसच्या गाठी सहसा आतून एकसारख्या आणि एकमेकींपासून सुट्या असतात. बहिणीला नुसता एचआरसीटी (बारीक कापांचा, सहसा कॉन्ट्रास्टशिवायचा सीटी) काढायला सांगितला असेल, तर ही अर्धी माहिती त्या तपासणीत आलेलीच नाही. रिपोर्टवर ‘प्लेन’ लिहिलंय की ‘कॉन्ट्रास्ट’, ते आज घरी गेल्यावर बघा. कॉन्ट्रास्ट द्यायच्या आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) बघतात, आणि इथे ते जास्तच गरजेचं आहे, कारण सारकॉइडोसिस रक्तातलं कॅल्शियम वाढवून मूत्रपिंडाला त्रास देऊ शकतो.

माझा सर्वाधिक वेळ मात्र तिसऱ्या गोष्टीवर जातो: फुप्फुसातले बारीक ठिपके नेमके कुठे बसले आहेत. गाठी सगळ्यांना दिसतात, ठिपक्यांची जागा शोधावी लागते.

फुप्फुसात लसिकावाहिन्यांचं एक जाळं आहे. ते श्वासनलिकेच्या फांद्यांना आणि त्यांच्यासोबतच्या रक्तवाहिन्यांना लपेटून जातं, फुप्फुसाच्या आवरणाखालून जातं, आणि फुप्फुसाच्या दोन कप्प्यांमध्ये जी पातळ भेग असते तिच्या कडेनंही जातं. सारकॉइडोसिसचे ग्रॅन्युलोमा याच वाटांवर बसतात. त्यामुळे सीटीवर एरवी पेन्सिलीच्या रेघेसारखी दिसणारी ती भेग दोऱ्यात बारीक मणी ओवल्यासारखी दिसू लागते. नळ्यांच्या कडा गुळगुळीत न राहता खडबडीत होतात. हे बहुतेक वरच्या आणि मधल्या भागात आणि दोन्हीकडे असतं. मण्यांची ही रेघ आणि सारख्या गाठी एकत्र दिसल्या की मी सारकॉइडोसिसचं नाव रिपोर्टच्या पहिल्या ओळीत लिहिते.

टीबीचा जंतू बऱ्याचदा श्वासनलिकेच्या वाटेनं पसरतो, म्हणून त्याचे ठिपके बारीक नळ्यांच्या टोकाशी, कळ्या धरलेल्या फांदीसारखे दिसतात. ते भेगेपासून आणि आवरणापासून काही मिलिमीटर अंतर राखून असतात. सोबत पोकळी असेल, किंवा एकाच कप्प्यात दाट पॅच असेल, तर टीबीची बाजू भक्कम होते. रक्तातून पसरलेला मिलिअरी टीबी आणखी वेगळा. त्यात वरपासून खालपर्यंत, भेगेवरही आणि भेगेबाहेरही, खसखस पेरावी तसे एकसारखे ठिपके असतात आणि माणूस तापानं खंगलेला असतो.

एवढी बारीक जागा ठरवायला काप साधारण एक मिलिमीटर जाडीचे लागतात. पाच मिलिमीटरच्या कापांवर मणी आणि कळ्या एकमेकांत मिसळून जातात. दुसऱ्या तज्ज्ञाकडे जाताना छापील फिल्म नेली तर त्यांना मोजके, लहान केलेले काप मिळतील. सीडी किंवा पेनड्राइव्हमध्ये पूर्ण तपासणी मागून घ्या.

नावाजलेल्या खुणांबद्दल सावध करते. मधे एक मोठा गोळा आणि भोवती बारीक ठिपक्यांचा पसारा दिसला की त्याला ‘सारकॉइड गॅलक्सी’ म्हणतात. नाव सुंदर आहे, म्हणून ते डोक्यात पक्कं बसतं. पण तसाच पसारा टीबीतही दिसतो, आणि केवळ त्या खुणेवर मी नाव ठरवत नाही. खडीच्या क्रशरवर, दगडखाणीत किंवा दगड घडवण्याच्या कामावर वर्षं काढलेल्या माणसाच्या फुप्फुसातही वरच्या भागात दाट ठिपके आणि देठाच्या गाठी असतात. तो सिलिकोसिस, दगडाच्या धुळीनं होणारा आजार. चित्र सारकॉइडोसिसच्या इतकं जवळ जातं की व्यवसाय विचारल्याशिवाय रिपोर्ट लिहूच नये, या मताची मी आहे. आणि गाठींपेक्षा फुप्फुसात धूसर, धुक्यासारखे ठिपकेच जास्त असतील, तर मी खिडकीतली कबुतरं आणि घरातल्या कूलरबद्दल विचारते, कारण तेव्हा मनात हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस, म्हणजे श्वासातून गेलेल्या कणांच्या ॲलर्जीनं फुप्फुसाला येणारी सूज, असतो. त्याच भारतीय नोंदणीत सर्वांत मोठा गट याच आजाराचा होता, आणि त्या रुग्णांच्या इतिहासात एअर कूलर पुन्हापुन्हा आढळला.

आता माझे दोन रुग्ण सांगते, कारण ‘किंवा’ हा शब्द मी त्यांच्याकडून शिकले. पहिली बाई चाळिशीच्या आतली. गाठी दोन्हीकडे सारख्या होत्या. मी त्या काळी गाठ म्हणजे कोचेस असंच लिहायचे आणि तसंच लिहिलं. तिनं एकेटीचा एक पूर्ण कोर्स घेतला, मग लांबवलेला दुसरा. वर्षभरानंतर डोळे लाल होऊन नजर धूसर झाली, तेव्हा नेत्रतज्ज्ञांनी युव्हायटिस (डोळ्याच्या आतली सूज, जी सारकॉइडोसिसमध्येही येते) ओळखला आणि छातीकडे पुन्हा बघायला सांगितलं. जुना सीटी मी पुन्हा उघडला. भेगेवरचे मणी तिथेच होते. मी गाठी पाहिल्या होत्या आणि पुढे बघितलंच नव्हतं.

दुसरा माणूस पन्नाशीचा, मधुमेही. यावेळी मणी होते, गाठी सारख्या होत्या, आणि मी ‘सारकॉइडोसिसचं ठळक चित्र’ असं लिहिलं. तुकडा न घेता सारकॉइडोसिसवरचं स्टिरॉइड सुरू झालं, आणि स्टिरॉइडनं प्रतिकारशक्ती दबते. दीड महिन्यात सडकून ताप, बेडका, आणि सीबीनॅटमध्ये (जंतूची जनुकं शोधणारी तपासणी) टीबी. तो बरा झाला, पण तीन आठवडे रुग्णालयात काढून. तेव्हापासून चित्र कितीही ठळक असलं तरी स्टिरॉइडच्या आधी तुकडा आणि कल्चर (नमुन्यातून जंतू वाढवून बघणं), हे मी रिपोर्टमध्ये लिहून देते.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: गाठी दोन्हीकडे सारख्या, आतून एकसंध, आणि भेगेवर मणी असतील तर पारडं सारकॉइडोसिसकडे, गाठी एकीकडे, आतून मेलेल्या, आणि कळ्यांच्या फांद्या किंवा पोकळी असेल तर टीबीकडे, आणि उरलेल्यांत खरोखरच ‘किंवा’.

आता साडेतीन महिन्यांच्या गोळ्यांचा अर्थ. ‘एकेटीनं फरक नाही, म्हणजे टीबी नव्हता’ हा तर्क ऐकायला सरळ आहे, पण लंगडा आहे. टीबीत ताप, भूक आणि वजन बहुतेकदा पहिल्या एक-दोन महिन्यांत सुधारतं, पण गाठी सावकाश आटतात. काही वेळा उपचार चालू असताना आधी फुगतातसुद्धा. औषधाला न जुमानणारा टीबी हीसुद्धा एक शक्यता असते. उलट बाजूचा सापळा मला जास्त धोक्याचा वाटतो. फक्त गाठी असलेला, म्हणजे पहिल्या टप्प्याचा सारकॉइडोसिस ५५ ते ९० टक्के रुग्णांत आपोआप ओसरतो. त्या काळात रुग्ण एकेटी घेत असेल तर श्रेय एकेटीला जातं, आणि घरात ‘टीबी होऊन गेला’ हे कायमचं बसतं. म्हणून नुसतं ‘फरक पडला’ किंवा ‘पडला नाही’ याला मी पुरावा मानत नाही. गोळ्या मात्र मनानं बंद करू नका. अर्धवट सोडलेली एकेटी खऱ्या टीबीत फार महाग पडते. थांबवायची की पूर्ण करायची, हा निर्णय छातीविकारतज्ज्ञ तुकड्याचा निकाल हाती ठेवून घेतील.

रक्ताच्या तपासण्यांवर फार भिस्त ठेवू नका. एस नावाचं एन्झाइम सारकॉइडोसिसमध्ये वाढतं, पण ते अनेक रुग्णांत वाढलेलं नसतं आणि टीबीतही वाढलेलं सापडतं. मॉन्टू चाचणीचा (हातावर सुई टोचून करतात ती टीबीची चाचणी) उपयोग आपल्याकडे थोडा उलटा आहे. आपल्यातल्या पुष्कळ धडधाकट लोकांचीही ती पॉझिटिव्ह येते, त्यामुळे ती अगदी सपाट निगेटिव्ह आली तर सारकॉइडोसिसला थोडं बळ मिळतं, आणि हात फुगून लाल झाला तर ते बळ जातं. पेट सीटीत, म्हणजे शरीरातला सक्रिय आजार उजळवून दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये, टीबी आणि सारकॉइडोसिस दोन्ही उजळतात. नाव ठरवायला तो काढू नका. तुकडा कुठून घ्यावा हे कळत नसेल किंवा सारकॉइडोसिस हृदयातही शिरल्याची शंका असेल, तर त्याचा उपयोग होतो.

तुकडा आज बहुतेक वेळा छाती न उघडता मिळतो. टोकाला सोनोग्राफी बसवलेली दुर्बीण श्वासनलिकेत घालून, पडद्यावर बघत बघत, नळीच्या भिंतीपलीकडच्या गाठीत सुई घालतात. तिला एबस म्हणतात. श्वासनलिका जिथे दुभागते त्या फाट्याखालची गाठ त्यासाठी सोयीची असते, आणि ती किती मोठी आहे हे सीटी सांगतो. तुमच्या खर्चातलं बरंचसं मोल इथे वसूल होतं. आलेला नमुना पॅथॉलॉजीकडे जातो तसाच त्याचा भाग सीबीनॅटला आणि टीबी कल्चरलाही जायला हवा, हे तपासणीच्या आधीच बोलून घ्या. सगळा नमुना फॉर्मॅलिनमध्ये (नमुना टिकवणारं, पण जंतू मारणारं द्रावण) टाकला की कल्चर होत नाही. हे मी पुन्हापुन्हा घडताना पाहिलं आहे, आणि मग रुग्णाला दुसऱ्यांदा दुर्बिणीसाठी जावं लागतं. कल्चरचा अंतिम निगेटिव्ह निकाल यायला सहा आठवडे लागतात. सीबीनॅट निगेटिव्ह आलं म्हणून कल्चरची वाट बघायचं सोडू नये, कारण गाठीच्या नमुन्यात जंतू कमी असतात आणि ते चुकू शकतं.

रिपोर्टमध्ये ‘स्टेज’ लिहिली असेल तर तिला कॅन्सरच्या स्टेजसारखं वाचू नका. स्कॅडिंग या ब्रिटिश डॉक्टरांनी १९६१ साली साध्या एक्स-रेवरून हे गट पाडले. पहिल्यात फक्त गाठी, दुसऱ्यात गाठी आणि फुप्फुसात बदल, तिसऱ्यात गाठींशिवाय फुप्फुसातले बदल, चौथ्यात वण पडून आकसलेलं फुप्फुस. माणूस एकातून दुसऱ्यात पायरीपायरीनं जातोच असं नाही. आणि नावातल्या ‘सारको’वरून सार्कोमा शोधून कुणी रात्र जागून काढू नये. नॉर्वेचे त्वचारोगतज्ज्ञ बोएक यांनी १८९९ साली त्वचेवरच्या अशा गाठींना मांसल दिसतात म्हणून ‘सारकॉइड’ म्हटलं, आणि तेव्हाच त्या निरुपद्रवी जातीच्या असल्याचंही नावात नोंदवलं. हा कॅन्सर नाही. पहिल्या टप्प्यातल्या अनेकांना औषधाचीही गरज पडत नाही. फक्त दर काही महिन्यांनी लक्ष ठेवतात.

तुकड्याची वाट बघत असताना तीन गोष्टी करता येतील. नेत्रतज्ज्ञांकडे स्लिट लॅम्पनं डोळे तपासून घ्या: सारकॉइडोसिस डोळ्यांत लपतो, आणि एकेटीतल्या इथॅम्ब्युटॉलचाही नजरेवर परिणाम होऊ शकतो, त्यामुळे एका भेटीत दोन्ही कामं होतील. ईसीजी काढा; छातीत धडधड किंवा भोवळ येत असेल तर ती आवर्जून सांगा. आणि रक्तातलं कॅल्शियम बघितल्याशिवाय व्हिटॅमिन डीच्या ६०,००० युनिटच्या पुड्या घेऊ नका. थकवा आहे म्हटल्यावर त्या सहज दिल्या जातात, पण सारकॉइडोसिसचे ग्रॅन्युलोमा स्वतःच व्हिटॅमिन डी सक्रिय करतात, आणि त्यात या पुडीची भर पडली की कॅल्शियम चढतं. नडग्यांवर लाल, दुखऱ्या गाठी किंवा घोट्यांना सूज येऊन गेली होती का, तेही बहिणीला विचारा. बायका अशा गोष्टी डास चावला म्हणून सोडून देतात, आणि सारख्या गाठींच्या जोडीला ही खूण असेल तर निदान पुष्कळ जवळ येतं.

शेवटी एक काम फक्त घरचेच करू शकतात. बहीण नोकरीला लागली तेव्हा वैद्यकीय तपासणीत छातीचा फोटो काढला असेल, किंवा एखाद्या शस्त्रक्रियेच्या आधी. तो कपाटात, पलंगाखालच्या पेटीत, लग्नाच्या अल्बममागे कुठेतरी असतो. मला दहा नव्या तपासण्यांपेक्षा एक जुना फोटो जास्त सांगतो. तेव्हाचे देठ स्वच्छ होते की पाच वर्षांपूर्वीही गाठी अशाच होत्या, यावरून आजाराचा वेग कळतो, आणि वर्षानुवर्षं तशाच राहिलेल्या गाठीकडे डॉक्टर वेगळ्या नजरेनं बघतात. तो सापडला तर सीडीसोबत न्या, आणि कोपऱ्यातली तारीख पुसट झाली असेल तर आठवून मागे लिहून ठेवा.